दारू नको, पण दार हवे

आम्ही पाच आंबेडकरी तरुण पावणेदोन वर्षे एका पबच्या डोक्यावर राहिलो, हे आधीच कबूल करतो. तो पब बंद पडला आणि त्याचे फ्लॅट होणार असे कळले, तेव्हा आम्ही त्याला लेखी हरकत घेतली, हेही कबूल करतो. बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्यांनी दारूच्या दुकानाची वकिली का करावी, असे आम्हाला इथल्या आणि तिकडच्या बऱ्याच जणांनी विचारले. काहींनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारले, म्हणजे विचारले कमी आणि सुनावले जास्त. त्या सगळ्यांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे नागपूर, नांदेड, औरंगाबाद, नाशिकरोड आणि वरळी. दोघी जणी वृद्धांच्या सेवागृहात कामाला, एक रुग्णालयात नर्स, एक गोदामात रात्रपाळीला आणि एक एम.ए. संपवून नोकरी शोधणारा. इंग्लंडच्या मधल्या भागात, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला कोळसा आणि लोखंडावर वाढलेला एक पट्टा आहे, त्याला ब्लॅक कंट्री म्हणतात. त्यातल्या एका गावात डिसेंबर २०२२ मध्ये आम्हाला परवडणारी जागा मिळाली ती एका जुन्या पबच्या पहिल्या मजल्यावर. पूर्वी तिथे पब चालवणारे कुटुंब राहायचे. त्यांच्या खोल्यांचे दोन छोटे फ्लॅट पाडलेले होते. जिन्याच्या लाकडात बिअरचा वास असा मुरलेला होता की फोडणीचा वाससुद्धा त्याच्यापुढे हरायचा.

आपल्याकडे पब म्हटले की पुण्या-मुंबईतले लखलखते दिवे आणि दारावरचे बाउन्सर डोळ्यांसमोर येतात. इथला जुना पब तसा नसतो. पब म्हणजे पब्लिक हाउस. कारखान्याची पाळी सुटली की माणसे तिथे बसणार, लग्नाची बोलणी तिथे, मयतानंतरचे जेवण तिथे, युनियनची मीटिंगही तिथेच. गावच्या चावडीसारखे. आणि चावडी म्हटले की आपल्याला पुढचे कुणी सांगावे लागत नाही. तिथे वर कोण बसायचा आणि खाली कोण उभा राहायचा, हे आपल्या आज्याला विचारा.

हे पब आता भराभर बंद पडत आहेत. २००० साली ब्रिटनमध्ये ६०,००० च्या आसपास पब होते, आता ४५,००० च्या आसपास उरले आहेत. फाउंड्र्या बंद पडल्या, गिऱ्हाईक गेले. सुपरमार्केटात बिअर स्वस्त मिळू लागली. २००७ मध्ये आत सिगारेट ओढायला बंदी आली, २०२० मध्ये कोविड आला. पण एक कारण फारसे बोलले जात नाही. पब चालवून जेवढे मिळते त्यापेक्षा त्याची जागा विकून जास्त मिळते. पब कोपऱ्यावर असतो, मागे मोठे आवार असते, खाली तळघर, वर खोल्या. बिल्डरच्या नजरेने पाहिले तर ती सात-आठ फ्लॅटची जागा आहे आणि मधेच काही म्हातारे ग्लास घेऊन बसले आहेत.

आमच्या खालचा पब सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला. त्याआधी तिथे एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

२०२३ ची जयंती कुठे करायची हा आमच्यापुढे प्रश्न होता. वुल्वरहॅम्प्टनला बुद्धविहार आहे, मोठा कार्यक्रम तिथे होतो. पण आमच्या गावातली आठ-दहा मराठी कुटुंबे, त्यांची लहान पोरे, पाळ्यांमध्ये अडकलेली माणसे, यांना जवळ काहीतरी हवे होते. कम्युनिटी हॉलचे भाडे तासावर. आमच्या फ्लॅटमध्ये पाच माणसे बसली तर सहावा स्वयंपाकघरात उभा. खाली पब चालवणाऱ्या बाईंशी आमचे येता-जाता बोलणे होते. त्यांना विचारले तर म्हणाल्या, रविवारी दुपारी मागची खोली रिकामीच असते, घ्या की. भाडे? भाडे कसले, जाताना खुर्च्या जागेवर लावा म्हणजे झाले.

रविवार, १६ एप्रिल. मागच्या खोलीतल्या फळीवर बाटल्या रांगेने लावलेल्या होत्या. त्या हलवणे शक्य नव्हते. आम्ही त्यांच्यावर निळी चादर टाकली आणि पुढे टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेब ठेवले. त्रिसरण-पंचशील झाले. पाचवे शील आम्ही दारूच्या फळीपुढे उभे राहून म्हटले, यावर नंतर आम्हीच खूप हसलो. पुढच्या खोलीतल्या गोऱ्या म्हाताऱ्यांनी टीव्हीवरच्या फुटबॉलचा आवाज आपणहून बंद केला. नंतर खीर खायला आले. एकाने फोटोकडे बोट करून विचारले, हे कोण? वरळीवाल्याने सांगितले, शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये शिकलेला माणूस, आमची राज्यघटना लिहिणारा. म्हातारा म्हणाला, मग तो इथे यायला हवा होता, आमच्याकडे तर लिहिलेली घटनाच नाही.

त्या दिवशी एक पंजाबी अंकलजीही आले होते. मूळचे जालंधरकडचे, १९६३ मध्ये इथल्या फाउंड्रीत कामाला लागलेले, बाबासाहेबांना मानणारे. ते खोलीच्या दारातच थांबले. त्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागात दुधी काच आहे आणि काचेवर जुन्या वळणाच्या अक्षरांत कोरले आहे, 'स्मोक रूम'. आम्ही ते रोज बघायचो आणि सिगारेटची खोली समजून सोडून द्यायचो. अंकलजी त्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "या दारातून मला आत जाता येत नव्हते."

हा इतिहास आम्हाला माहीत नव्हता, आणि आमच्यासारख्या नव्याने आलेल्या बहुतेकांना नसतो, म्हणून थोडा थांबून सांगतो. त्या काळी या भागातल्या पबांमध्ये दोन-तीन खोल्या असायच्या. पुढचा बार साधा, लाकडी बाकांचा. मागची स्मोक रूम किंवा लाउंज जरा गुबगुबीत. अनेक पबांमध्ये काळ्या आणि आशियाई माणसांना बारमध्येच उभे राहावे लागे, मागच्या खोलीत त्यांना कुणी काही देत नसे. काही ठिकाणी तर मुळात दारातूनच परत पाठवत. अंकलजी म्हणाले, "बोर्ड नव्हता. बोर्ड लागतच नव्हता." आपल्या हॉटेलात फुटक्या कानाची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असायची, तिच्यावर तरी कुठे जात लिहिलेली होती?

इथून जवळच स्मेथिक आहे. १९६४ च्या निवडणुकीत तिथे पीटर ग्रिफिथ्स नावाचा उमेदवार उघड वर्णद्वेषी प्रचाराच्या वाऱ्यावर निवडून आला. तिथल्या मार्शल स्ट्रीटवर गोऱ्या रहिवाशांची मागणी होती की रस्त्यावर विकायला निघणारी घरे कौन्सिलने विकत घ्यावीत आणि फक्त गोऱ्या कुटुंबांना द्यावीत. कौन्सिल तयारही झाली होती. गृहनिर्माण खात्याचे मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी त्यासाठी कर्जाला मंजुरी दिली नाही. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल आणि त्यांचे साथी या भेदभावाविरुद्ध लढत होते. गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते पबमध्ये जायचे, कुणाला ग्लास मिळतो आणि कुणाला नाही हे पुराव्यासकट नोंदवायचे आणि परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घ्यायचे. १२ फेब्रुवारी १९६५ ला माल्कम एक्स स्मेथिकला आले, मार्शल स्ट्रीटवरून चालले. ब्लू गेट्स नावाच्या पबमध्ये गेले, तेव्हा तिथल्या स्मोक रूममध्ये त्यांनाही नकार मिळाला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९६५ मध्ये ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा मंजूर झाला. त्याने पब, हॉटेल, नाट्यगृह, बस अशा सार्वजनिक जागी रंगावरून अडवणे बेकायदा ठरवले. पण घर? नाही. घर भाड्याने देताना, विकताना रंग बघायची मोकळीक राहिलीच. घर आणि नोकरी कायद्याच्या कक्षेत यायला १९६८ साल उजाडावे लागले.

मित्रांनो, हा क्रम लक्षात ठेवा. आधी सार्वजनिक जागा उघडते, घराचे दार फार उशिरा उघडते. आपल्याकडे काय झाले? ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. २० मार्च १९२७ ला चवदार तळे. आणि पुण्यात, मुंबईत, ठाण्यात आजही फ्लॅट बघायला गेल्यावर 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न आहेच. बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीला गेले तेव्हा पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. शहरात एकही घर मिळाले नाही. मग ते कुठे जाऊन बसले? सार्वजनिक बागेत. परदेशात शिकलेल्या त्या माणसाला बडोद्यात बसायला एकच जागा होती, जी कुणा एकाच्या मालकीची नव्हती.

आता फेब्रुवारी २०२४ मध्ये या. इमारत पबवाल्या कंपनीने विकली होती. नवा मालक बिल्डर, आणि आता तोच आमचा घरमालक. विजेच्या खांबावर पिवळा कागद लागला. तळमजला आणि तळघर मिळून चार फ्लॅट, मागच्या आवारात आणखी तीन, वापरात बदल करण्यासाठी अर्ज. हरकती-सूचनांसाठी २१ दिवस.

पहिली आमच्या दारावर थाप मारली ती समोरच्या गल्लीतल्या एका गोऱ्या आजीबाईंनी. हातात सह्यांचा कागद. त्यांच्या नवऱ्याचे मयताचे जेवण त्याच पबात झाले होते. "तुम्ही पीत नाही, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या, "पण तुमचा तो निळा कार्यक्रम इथेच झाला होता ना?"

आम्ही सही लगेच केली नाही. त्या रात्री आमच्यात जे भांडण झाले ते शेजाऱ्यांनी भिंतीतून ऐकले असणार.

औरंगाबादवाल्याचे म्हणणे सरळ होते. बाबासाहेबांनी दारू सोडायला सांगितली. दारूने आपल्या वस्त्यांचे काय केले ते आपण पाहिले आहे. एक गुत्ता कमी झाला तर आनंद माना. आणि लोकांना घरे नकोत का? आपण स्वतः पबच्या खोल्यांतून काढलेल्या फ्लॅटमध्ये राहतो, मग दुसऱ्याच्या फ्लॅटला हरकत कशी घेणार? नागपूरवालीचे म्हणणे वेगळे होते. या पबाने कधी काळी अंकलजींना दारात उभे केले. आता तो मरतोय तर मरू द्या, आपण कशाला खांदा द्यायचा?

दोन्ही मुद्दे खोटे नव्हते. शिवाय तिसरी गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नव्हते. हरकत घेतली की नाव आणि पत्ता कौन्सिलच्या संकेतस्थळावर जाहीर होतो. घरमालक तो वाचणार. आमचा करार असा की मालकाला काही कारण न देता कलम २१ ची नोटीस देता येत होती, दोन महिन्यांत घर खाली. दुरुस्तीची तक्रार केली म्हणून सूड काढला तर भाडेकरूला थोडेफार संरक्षण होते. बांधकामाच्या अर्जाला हरकत घेतली म्हणून काढले तर काहीच नाही.

कोंडी फोडली ती नांदेडवालीच्या आईने, फोनवरून. या माउलीने गावात बायांना गोळा करून आडवी बाटली जिंकलेली आहे. देशी दारूचे दुकान मतदानाने बंद पाडले, त्यासाठी धमक्या सोसल्या. आम्हाला वाटले त्या म्हणतील, पबाचे नावही काढू नका. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "दुकान बंद झालंय ना?" हो. "मग दारूचा प्रश्नच नाही. जागेचा हाय. आम्ही दुकान बंद केलं, म्हटलं इथं अंगणवाडी करा, बायांना बसायला खोली करा. ग्रामपंचायतीची जागा होती. आम्ही बाटलीकडं बघत बसलो, अन् सरपंचाच्या भावानं तिथं गाळे काढले. आता तिथून जायचं तर त्याच्या दारावरून जावं लागतं."

यानंतर बोलण्यासारखे फार उरले नाही.

दारू गेली याचा आनंद आम्हालाही होता. पण दारूबरोबर दारही जात होते. साठ वर्षे भांडून जे दार सगळ्यांसाठी उघडले, ते आता कुणालाच रंग न विचारता बंद होणार होते. खाजगी झालेल्या दाराला भेदभाव करावाच लागत नाही, ते फक्त बंद असते. महाडच्या सनातन्यांना हे बरोबर कळले होते. सत्याग्रहानंतर त्यांनी दिवाणी दावा लावला, त्यातला त्यांचा मुख्य दावा काय होता? हे तळे सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. धर्मशास्त्राचे श्लोक कोर्टात चालणार नाहीत हे त्यांना माहीत होते, मालकी चालेल असे वाटले. ते खोडून काढायला १९३७ चा मार्च उजाडला आणि मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

आणि घरांचे? हा प्रश्न आम्ही टाळला नाही. अर्जाची सगळी कागदपत्रे उतरवून घेतली, नकाशे जमिनीवर पसरले. इथे दहापेक्षा कमी घरांची योजना असेल तर परवडणारी घरे देण्याचे बंधन साधारणपणे लागू होत नाही. सात फ्लॅट म्हणजे परवडणारे शून्य. सातच का, हे आता कळले असेल. एका माणसाच्या फ्लॅटला राष्ट्रीय मानकानुसार किमान ३७ चौरस मीटर लागतात, म्हणजे जवळपास ४०० चौरस फूट. तळघरातले दोन फ्लॅट त्यापेक्षा लहान होते आणि त्यांना उजेड यायचा तो बिअरची पिंपे खाली सोडायच्या झडपेच्या जागी काढलेल्या खिडकीतून. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत सात माणसांबरोबर वाढलेला आमचा गडी ३७ चौरस मीटर ऐकून आधी हसला. मग म्हणाला, "पण आम्हाला खाली जांबोरी मैदान होतं. इथल्या माणसाला खाली काय असेल? तळघराच्या खाली?"

म्हणून आमची हरकत आजीबाईंच्या सह्यांपेक्षा वेगळी लिहिली. पब परत सुरू करा असे आम्ही म्हटले नाही. मागे घरे बांधा, नीट मापाची बांधा, वरही राहू द्या. तळमजल्यावरच्या पुढच्या-मागच्या दोन खोल्या मात्र सार्वजनिक ठेवा, तिथे दारू विकण्याची गरज नाही. लिहिताना शिकावे लागले की कौन्सिल काय ऐकते आणि काय नाही. दारू वाईट, बिल्डर लोभी, आमच्या भावना दुखावल्या, हे सगळे केराच्या टोपलीत जाते. सामुदायिक सुविधा नष्ट होते, उजेड नाही, माप कमी, कचऱ्याच्या डब्यांना जागा नाही, हे ऐकावेच लागते. राष्ट्रीय नियोजन धोरणात सामुदायिक सुविधांची जी उदाहरणे दिली आहेत त्यात पब आणि प्रार्थनास्थळे दोन्ही आहेत. आम्ही ते वाक्य अधोरेखित करून जोडले. भावनेने पेटायचे आणि नियमाने लिहायचे, हे बाबासाहेबांच्या साउथबरो समितीपुढच्या निवेदनापासून आपल्याला माहीत असायला हवे. आपण पहिल्यातच थांबतो.

एक गोष्ट उशिरा कळली, ती इथल्या साथींसाठी नोंदवतो. २०११ च्या लोकलिझम कायद्याखाली किमान २१ स्थानिक मतदारांचा साधा गटसुद्धा एखादी इमारत समाजाच्या उपयोगाची मालमत्ता म्हणून नोंदवायला सांगू शकतो. नोंद झाली की ती विकताना समाजाला बोली लावण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळू शकतो. आम्ही जागे झालो तेव्हा इमारत विकली गेली होती.

या देशाचा नियोजन कायदा दोन्ही बाजूंनी चावतो, हेही आठवले. लंडनचे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब जिथे राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले आणि तिथे स्मारक केले. कॅमडेन कौन्सिल म्हणाली, हे राहण्याचे घर आहे, संग्रहालय करायची परवानगी घेतलेली नाही, राहण्याची जागा कमी होते. चौकशी झाली, सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये मंत्र्यांच्या पातळीवर परवानगी मिळाली. तिथे आपण घराचे दार सर्वांना उघडायला भांडलो. इथे सर्वांचे दार घरात जाऊ नये म्हणून भांडत होतो. कलम तेच, वापरात बदल.

लंडनमध्येच कार्लटन टॅव्हर्न नावाचा पब होता. फ्लॅट बांधायला परवानगी मिळाली नाही, आणि इमारतीला संरक्षित दर्जा मिळण्याच्या बेतात असताना एप्रिल २०१५ मध्ये मालकाने तो पाडूनच टाकला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने आदेश दिला, जसा होता तसा परत बांधा. मालकाचे अपील फेटाळले गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो पब परत उघडला. आम्ही हे वाचले तेव्हा एकमेकांकडे पाहिले आणि सगळ्यांच्या मनात एकच तारीख आली, २५ जून २०१६. दादरचे आंबेडकर भवन, बाबासाहेबांच्या बुद्धभूषण प्रेसची जागा, रात्रीच्या अंधारात बुलडोझर लावून पाडली. पाडकाम ट्रस्टच्या वतीने झाले, बहुमजली इमारत उभी करायची म्हणून. पुढच्या महिन्यात मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. इथे एका दारूच्या दुकानासाठी कौन्सिल उभी राहिली. आपल्या प्रेससाठी रस्त्यावर यावे लागले ते आपल्यालाच.

जूनमध्ये नियोजन समितीची बैठक झाली. हरकत घेणाऱ्यांना मिळून तीन मिनिटे. आजीबाई म्हणाल्या, मी रडेन, तुमच्यातल्या कुणीतरी बोला. नांदेडवाली उभी राहिली. तिने आधी सांगितले की ती दारू पीत नाही आणि तिच्या आईने दारूचे दुकान बंद पाडले आहे. सभागृहात हशा पिकला. मग तिने स्मोक रूमच्या दाराचे सांगितले, तळघराची मापे सांगितली, परवडणारी घरे शून्य हे सांगितले. अंकलजी मागे बसले होते. त्यांच्याकडे बघून तिने सांगितले की या गृहस्थांना त्या खोलीत जायला कायदा करावा लागला, आणि आता कुणालाच जाता येणार नाही. तीन मिनिटे संपल्याची घंटा वाजली तेव्हा तिचे शेवटचे वाक्य अर्धे राहिले.

अर्ज नामंजूर झाला. कारणे दोन, सामुदायिक सुविधेचे नुकसान आणि अपुऱ्या मापाची, अंधारी घरे. बाहेर आल्यावर अंकलजी खूश दिसले नाहीत. आम्ही विचारले तर म्हणाले, "१९६५ नंतर मी ऐटीत त्या खोलीत गेलो. आत आपलेच लोक बसले होते, माझ्याच जिल्ह्याचे. जागा दिली, हात मिळवला आणि विचारले, पिंड कोणते? मोहल्ला कोणता? गोऱ्याने तोंड बघून अडवले होते. यांनी पत्ता विचारून." आणि त्या प्रश्नाला इथे कायदा नाही. २०१३ मध्ये संसदेने जातीला समानता कायद्यात घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, जुलै २०१८ मध्ये सरकारने ती टाळायचे ठरवले. म्हणजे ती खोली वाचवूनसुद्धा अंकलजींचे भांडण संपलेले नाही. तो वेगळा लेख होईल.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही फ्लॅटना कलम २१ च्या नोटिसा आल्या. कारण लिहिलेले नव्हते. सप्टेंबरमध्ये आम्ही सामान भरले. पाच जणांना एकत्र जागा मिळाली नाही. तिघे एका घरात, दोघे पलीकडच्या गावात. भाडे जास्त, सेवागृहाला जायला दोन बस. औरंगाबादवाल्याने, ज्याचा सुरुवातीला विरोध होता, सर्वात आधी सही केली होती. घर हलवताना त्याने एवढेच म्हटले की पुढच्या वेळी खोलीसाठी भांडण्याआधी खोली बघून ठेवू या.

या वर्षीची जयंती एका चर्चच्या सभागृहात झाली. भाडे तासावर, पाचच्या आत रिकामे करायचे. आजीबाई आल्या होत्या, खीर त्यांना अजून जमत नाही, त्यांनी केक आणला. पबाच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत. नामंजुरीनंतर सहा महिन्यांत अपील करता येते, मालकाने ते शेवटच्या आठवड्यात केले. आता दिल्लीहून सुभेदार यावा तसा बाहेरचा निरीक्षक येऊन निर्णय देणार. आम्ही पुन्हा पत्र लिहिले आहे, पाचांच्या सह्यांनी. या वेळी पत्त्याच्या रकान्यात दोन पत्ते लिहावे लागले.